धूर वाऱ्यासाठी होता

बेल्ह्याच्या बैलबाजारात चहाच्या टपरीवर बसलात, तर आजही एखादा म्हातारा तुम्हाला सांगेल, की एके काळी कालव्याच्या वरच्या माळावर एक विमान होतं आणि ते पावसाचे ढग पळवायचं. त्याच दमात तो हेही सांगेल, की एक मेंढपाळ धूर करून त्या विमानाला मदत करायचा, त्यानं बिरोबाच्या देवळात खोटा भंडारा उचलला, म्हणजे देवाची हळद मुठीत घेऊन खोटी शपथ वाहिली, आणि देवानं त्याच्या मेंढरांवर वीज पाडली.

ते विमान माझं होतं. त्यानं एकही ढग कधी पळवला नाही. तो भंडाराही खोटा नव्हता. हे सांगायला मी फार उशीर केला. यंदा देवळात उभा राहून सांगितलं, पण लोकांनी ते ज्या तऱ्हेनं ऐकलं त्यावरून वाटलं, लिहूनही ठेवावं.

विमान घेतलं तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी द्राक्षं परदेशी जाऊ लागली होती, कोंबड्यांच्या शेड बऱ्या चालल्या होत्या आणि चाळिशी उलटल्यावर मी पुण्याच्या फ्लाइंग क्लबात जाऊन उडायला शिकलो होतो. मुंबईच्या एका कारखानदाराला त्याचं जुनं विमान काढायचं होतं. एका इंजिनाचं, चार माणसांचं, पंख डोक्यावर असलेलं. मी ते घेतलं आणि माळावरच्या माझ्या जमिनीत मुरूम टाकून धावपट्टी केली.

लोकांना वाटतं, विमान असलं की माणूस उडतो. विमान असलं की माणूस वाट बघतो. दिल्लीच्या कागदाची वाट बघतो. तो आला की मुंबईहून येणाऱ्या इंधनाच्या पिंपांची. पिंपं आली की पुण्याच्या मेकॅनिकची, आणि मेकॅनिक आला की तो सांगतो, अमुक रबरी नळी बदलल्याशिवाय मी सही करणार नाही आणि ती नळी अमेरिकेतून येते. कोंबड्यांची एक रिकामी शेड दोन्ही बाजूंनी उघडून मी तिचं हँगर केलं होतं. कितीही धुतली तरी तिथला वास गेला नाही. इंजिनात चिमण्या घरटी करायच्या, उंदीर वायरी कुरतडायचे. पंखाखाली एक बारीक नळी असते, तिच्यात हवा शिरते आणि त्यावरून वेग कळतो. त्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं आणि एकदा मी धावपट्टीवरून सुसाट निघालो तरी काटा शून्यावरच. कसाबसा थांबलो. त्यानंतर नळीला कापडी टोपी शिवून घातली, तर ती माकडांनी नेली.

आणि परवानगी. पुण्याच्या आकाशावर लष्कराचा हक्क. उडायचं म्हणजे आधी फोन करायचा, कुठून कुठे, किती उंचीवर ते सांगायचं आणि क्लिअरन्सचा नंबर यायची वाट बघायची. आमचा फोन वाऱ्यानं हललेल्या तारेवर चालायचा. नंबर आला तर लाइन जायची. मग मी जीप काढून नारायणगावच्या एसटीडी बूथवर जायचो. तिथे लग्न ठरवणारे, टोमॅटोचा भाव विचारणारे, पोराच्या निकालासाठी रडणारे, त्यांच्या रांगेत मी आकाशाचा नंबर घ्यायला उभा. परत येईपर्यंत वारा फिरलेला असायचा.

बायको म्हणायची, "अवं, त्या इमानापरीस टँकरवाला बरा. उशिरा का व्हईना, येतो तरी."

सगळ्यात जास्त वैताग हवेचा. पुण्याच्या विमानतळाचं हवामान फोनवर मिळायचं, पण पुण्यात आभाळ मोकळं असलं म्हणजे आमच्याकडे असेल असं नाही. मधे डोंगरांच्या रांगा. पश्चिमेची खबर मला घाटघरहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर द्यायचा. जुन्नरच्या स्टँडवर त्याला गाठलं की म्हणायचा, "नाणेघाटात काय दिसत न्हाई राव. पुढच्या बैलाची शिंगंसुदिक दिसत न्हाईत, आन् तुमी इमान काढताय व्हय?" हे माझं हवामान खातं.

विमानात मात्र एक यंत्र होतं. आधीच्या मालकानं हौसेनं बसवलेलं. तळहाताएवढा गोल पडदा, मधोमध विमानाची खूण, भोवती कडी. सगळ्यात आतलं कडं पंचवीस मैलांचं. कुठे वीज चमकली की त्या दिशेला, तेवढ्या अंतरावर पडद्यावर एक हिरवा ठिपका उमटायचा. ठिपक्यांचा झुबका दिसला की समजायचं, तिकडे गडगडाटी ढग आहे, तिकडे जायचं नाही. एवढंच. ते यंत्र पाऊस दाखवत नव्हतं, गारा दाखवत नव्हतं. विजेखेरीज त्याला काही कळत नव्हतं, आणि वीजही धड कळायची नाही. शेडमधली ट्यूबलाइट लावली, की पडद्यावर खोटी वादळं उठायची. शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली, की नगरच्या बाजूला आभाळ फाटल्यासारखे ठिपके. मी अंधारात, मोटर बंद करायला लावून, विमानाची बॅटरी चालू करून नुसता त्या पडद्यासमोर बसून राहायचो. उडायला मिळायचं नाही, निदान वीज तरी बघू.

पुढे अमेरिकेतल्या पुतण्यानं आणखी एक यंत्र पाठवलं. उपग्रहावरून ढगांचा रंगीत नकाशा थेट विमानात. मी हरखलो. ते चालू केलं, तर पडद्यावर अक्षरं आली : उपग्रह शोधत आहे. पहिल्या दिवशी मी तासभर थांबलो. धावपट्टीवर नेलं, उंच धरलं, वर उडालो तेव्हा सोबत घेतलं. शोध चालूच. पुतण्याला फोन केला तर म्हणाला, "काका, तो उपग्रह आपल्याकडे दिसत नाही." ते यंत्र अजून कपाटात आहे.

आता त्या मेंढपाळाकडे येतो. सगळा माझा वैताग सांगून झाला, त्याचं काही सांगायचं तेवढं मागे राहतं, ही माझी जुनी खोड.

तो माझ्याबरोबर गावच्या शाळेत होता. चौथीनंतर तो मेंढरांमागे गेला, मी जुन्नरला शिकायला. माळावर धावपट्टी झाली तेव्हा त्यानंच येऊन विचारलं होतं, "भाऊ, हितलं गवत मेंढरांनी खाल्लं तर चालंल का?" शाळेत आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. विमान आल्यापासून तो मला 'तुमी' म्हणू लागला. मी त्याला अडवलं नाही.

मला तर गवत कापायला माणूस मिळत नव्हता. मग आमचं ठरूनच गेलं. मेंढरांनी धावपट्टीवरचं गवत खाऊन ते आखूड ठेवायचं. त्यानं कुत्री, गुरं हाकलायची आणि मी उडायच्या आधी कळप बाजूला घ्यायचा. वारा दाखवायला मी कापडाचा मोजा शिवून खांबावर टांगला होता, तो दर दोन महिन्यांनी फाटायचा. त्यावर त्यानं तोडगा काढला. माझ्या इंजिनाचा आवाज लांबून आला, की तो धावपट्टीच्या टोकाला शेकोटीवर ओलं गवत टाकायचा. धूर कुठे झुकतो ते मला वरून दिसायचं आणि वाऱ्याच्या तोंडावर विमान उतरवायला सोपं जायचं. त्या धुराचं काम तेवढंच होतं.

मीही एका बाबतीत त्याच्या उपयोगी पडायचो. ऑक्टोबरात दुपारी तो शेडच्या दारात येऊन विचारायचा, "काय म्हनतीया तुमची टीव्ही?" मी पडदा बघून सांगायचो, "पूर्वेला ठिपके वाढलेत. आज उंचावर, झाडाखाली मेंढरं नेऊ नकोस. ओढ्याकडच्या खोलगटात ने." तो न्यायचा. इतक्या खटाटोपाच्या त्या विमानाचा खरा उपयोग झाला असेल तर तो एवढाच, आणि तोही ते जमिनीवर असताना.

आमच्या गावाचे कालव्यानं दोन भाग केलेत. खाली द्राक्षं, वर ज्वारी-बाजरी आणि मेंढरं. परतीचा पाऊस पूर्वेकडून येतो, दुपारनंतर, गडगडत. वरच्यांना तो ज्वारीच्या पेरणीला हवा असतो. खालच्यांनी तेव्हा नुकती द्राक्षांची छाटणी केलेली असते, कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की डावण्या रोग येतो. म्हणजे एकाच ढगाकडे बघून वरचा हात जोडतो आणि खालचाही हात जोडतो, पण मागणं उलटं. मी खालचा. माझी धावपट्टी मात्र वर.

एका ऑक्टोबरात मी सलग तीन दिवस क्लिअरन्ससाठी बूथवर खेटे घालून वैतागलो होतो. चौथ्या दिवशी उडायला मिळालं, तर पूर्वेला ढग उभे राहिलेले बघून अर्ध्या तासात परत आलो. दुसऱ्या दिवशी बेल्ह्याच्या बाजारात एकानं विचारलं, "पावणं, काल इमान घिऊन ढगात काय करत व्हता?"

मी म्हणालो, "हाकलत होतो."

टपरीवर हशा पिकला. मीही हसलो. आदल्या संध्याकाळी ते ढग विरून गेले होते. ऑक्टोबरातले ढग ऊन उतरलं की बरेचदा विरतातच. पण तेवढं पुरलं.

आठवड्यात चार-पाच द्राक्षवाले घरी आले. त्या पावसाळ्यात माझी धावपट्टी धुपून तिला चर पडले होते आणि रोलर मिळवण्यासाठी मी महिनाभर सगळ्यांच्या पाया पडत होतो. त्यांनी रोलर सोबतच आणला होता. ट्रॅक्टर, मुरूम, माणसं, सगळं.

"भाऊ, पट्टी आमी करून देतो. तुमी फकस्त ढग आलं की एक चक्कर मारा."

तेव्हा सांगायचं होतं. विमान ढगापुढे माशीएवढं असतं, तो पडदा नुसती वीज दाखवतो, मीच ढगाला भिऊन पळून येतो. हे सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी दारात उभ्या असलेल्या रोलरकडे बघितलं आणि म्हणालो, "बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणण्याला कुणी नकार मानत नाही.

त्यानंतरचे दोन ऑक्टोबर मी त्यांच्यासाठी उडालो. ढगांपासून लांब, एक-दोन घिरट्या घालून परत. ढग विरले तर माझं नाव व्हायचं. पाऊस पडलाच तर तेच म्हणायचे, "आज क्लिअरन्स मिळाला नसंल भाऊंना." मला काही बोलावंच लागायचं नाही. एकदा त्यांनी बैठकीत मला शाल-नारळ दिला. मी तो घेतला. घरी आल्यावर बायकोनं नारळ कानाशी हलवून बघितला आणि म्हणाली, "पानी हाय यात. तुमच्यापास्नं वाचलं म्हनायचं."

दोन हजारनंतरची ती वर्षं कोरडी होती. खाली कालव्याचं पाणी थोडंफार यायचं, वर काहीच नाही. विमान पूर्वेकडे जातंय, मागे ढग मोडतायत आणि ते परत येताना माळावर धूर निघतोय, हे वरच्या लोकांनी इतक्यांदा बघितलं होतं, की त्यांनी गोष्ट जुळवली. विमान ढग फोडतं आणि धूर उरलेले उधळतो. मला कुणी काही बोललं नाही. माझ्या शेडमधे त्यांच्या घरची माणसं कामाला होती. त्यांनी त्याला धरलं. तो त्यांच्यातला होता, आणि आपल्यातल्यानं पाऊस अडवावा, याचा राग मोठा असतो.

हस्त कोरडा गेला. चित्रा लागली, तीही कोरडी. तो एक दिवस शेडमधे आला. दारात थांबला नाही, थेट आत विमानापाशी आला.

"बिरोबाच्या देवळात बोलीवलंय मला परवा," तो म्हणाला. "भंडारा उचल म्हनत्यात. धूर ढगासाटी न्हाई, ह्ये देवाम्होरं सांग म्हनत्यात."

"मग सांग की. खरंच आहे ते."

"मी सांगंन, भाऊ. पर मला इमानातलं काय कळतंय? मी म्हनलो धूर वाऱ्यासाटी, तर म्हनतील तुला काय ठावं त्यो वर जाऊन काय करतो. तुमी या. नुस्तं उभं ऱ्हावा आन् म्हना, इमानानं ढग पळत न्हाईत. लई न्हाई, येवढंच."

मी विमानाच्या चाकातली हवा बघायला लागलो. मी देवळात ते बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत ते कालव्याच्या खाली पोचलं असतं. रोलर, शाल, नारळ, सगळे माझ्याकडे बघायला लागले असते.

"बघू," मी म्हणालो.

तो दारापर्यंत जाऊन वळला. मग म्हणाला, "तू येशील रं." इतक्या वर्षांनी एकदाच त्याच्या तोंडून 'तू' निघालं.

ठरलेल्या दिवशी सकाळी फोन चालू होता. मी पुण्याला लावला आणि पहिल्याच झटक्यात क्लिअरन्स मिळाला. एरवी चार-चार दिवस न मिळणारा. मला वाटलं, आता हा सोडता येणार नाही. कुणालाही पटेल असं कारण होतं ते, आणि पटायला पहिला मीच होतो.

मी डिंभ्याकडे गेलो. धरणाचं पाणी त्या वर्षी खाली गेलं होतं, काठाची लाल माती पायऱ्यापायऱ्यांनी उघडी पडली होती. मासे धरणाऱ्यांच्या होड्या मधल्या डबक्यात दाटीनं उभ्या. हवा इतकी स्वच्छ, की पश्चिमेला घाटाची कड चाकूनं कापल्यासारखी दिसत होती. असं उडायला मिळावं म्हणून मी ती सगळी वर्षं घालवली होती, आणि तेवढा वेळ मला घड्याळाखेरीज काही दिसलं नाही. देवळातलं आटोपलं असेल असा अंदाज करून परत फिरलो. अंदाज चुकला. देऊळ माझ्या उतरायच्या वाटेवरच. खालून पटांगणातली पागोटी दिसली, गर्दी दिसली, आणि सगळी तोंडं वर वळलेली दिसली.

माळावर त्या दिवशी धूर नव्हता. मी वाऱ्याचा अंदाज घेत दोनदा उतरता उतरता पुन्हा वर गेलो. म्हणजे आणखी दोनदा देवळावरून गेलो.

बायको देवळात गेली होती. संध्याकाळी तिनं सांगितलं. "तुमचं इमान डोक्यावरनं गेलं तवा त्यो भंडाऱ्याची मूठ वर करून उभा व्हता. त्याचं बोलनं कुनाला ऐकू आलं न्हाई. पुन्यांदा बोल म्हनले. त्यो बोलला, तवर तुमी परत आला." ती भाकरी थापत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "तिसऱ्यांदा त्यानं तुमचा आवाज जायची वाट बगितली. मंग म्हनला, धूर वाऱ्यासाटी हाय, ढगासाटी न्हाई, खोटं बोलत असंन तर स्वाती सरायच्या आत माज्या घरावर, माज्या मेंढरांवर येऊ दे."

आमच्या भागातला हा नेम. भंडारा उचलल्यावर पुढचं नक्षत्र सरेपर्यंत त्या माणसाच्या घरादारावर काही वाईट आलं नाही, तर त्याचा शब्द खरा. आलं, तर खोटा.

भंडाऱ्यानंतर त्याला विमानाच्या पट्टीवर यायला बंदी झाली. निदान स्वाती सरेपर्यंत तरी लांब राहा, असं त्याच्या भावकीनंच सांगितलं. तो मेंढरं घेऊन गावाच्या दुसऱ्या अंगाला टेकाडावर जाऊ लागला. तिथे एक जुनी चिंच आहे. शेडच्या दारात 'काय म्हनतीया तुमची टीव्ही' विचारायला कुणी येईना.

स्वाती निम्मी झाली असेल. दुपारी उकडत होतं. माझा क्लिअरन्स तीन दिवस अडकला होता. मी मोटर बंद करायला लावली, शेडमधे विमानात बसलो आणि पडदा चालू केला. पूर्वेला ठिपके. आधी लांबच्या कड्यात, मग मधल्या. मी ट्यूब बंद आहे ना ते बघितलं. बंद होती. ठिपके खरे होते. बघता बघता ते पंचवीस मैलांच्या कड्यात शिरले आणि पडद्याचा तो कोपरा हिरवागार झाला.

जीप दारात होती. टेकाड दहा मिनिटांवर. मला चिंच आठवली, मेंढरं आठवली. आणि मी काय विचार केला? की तो विचारायला आला नाही. आणि मी आता त्याच्याकडे गेलो, तर लोक म्हणतील बघा, दोघं एकच आहेत, यात त्याचंच नुकसान. असली कारणं मला कधी कमी पडली नाहीत. पहिला मोठा गडगडाट झाला तेव्हा मी यंत्र बंद केलं, कारण जवळ वीज असताना ते चालू ठेवलं तर बिघडतं.

पाऊस असा आला, की शेडच्या पत्र्याखाली बोललेलं ऐकू येईना. तो स्वतः गोफण, घोंगडी घेऊन मागे राहिलेली दोन कोकरं आणायला उताराला गेला होता, म्हणून वाचला. मेंढरं पावसाला पाठ करून चिंचेखाली एकमेकांना बिलगून उभी राहिली होती. वीज चिंचेवर पडली. निम्म्याहून जास्त कळप जागच्या जागी गेला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाचा हिशेब जुळला होता. विमान उडालं नाही, म्हणून पाऊस आला. भंडारा खोटा, म्हणून वीज पडली. वरच्यांना पेरणीचा पाऊस मिळाल्यानं राग उरला नव्हता, आणि त्यामुळे तर त्यांची खात्री आणखी घट्ट झाली. खालचे माझ्याकडे आले. कोवळी फूट गेली होती.

"भाऊ, काल का न्हाई उडाला?"

सांगायची ती शेवटची बरी वेळ होती. मी म्हणालो, "क्लिअरन्स नव्हता."

त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

त्याच्या घराला जत्रेत पहिला भंडारा उधळायचा मान होता. तो गेला. माळावर चराईवरून भांडण झालं की आधी त्याला बोलावत, तो सांगेल ती हद्द मानत. ते थांबलं. त्याला कुणी शिव्या दिल्या नाहीत, वाळीत टाकलं नाही. तो बोलायला लागला की लोक नुसते दुसरीकडे बघायचे. उरलेली मेंढरं विकून तो चाकणच्या एका कंपनीत गेटवर वॉचमन म्हणून लागला. एकदा मंचरच्या स्टँडवर भेटला, खाकी कपड्यांत. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "इमान बरं हाय का भाऊ?" मी हो म्हणालो. त्याची एसटी आली.

तो वारला तेव्हा मी गेलो होतो. मागे उभा राहिलो.

विमान त्याआधीच गेलं होतं. इंजिन उघडायची वेळ आली, भाग मिळेनात, परवान्याचं नूतनीकरण अडलं. शेवटी एकानं पंख काढून ते ट्रकवर घालून नेलं. धावपट्टीवर आता कांद्याची चाळ आहे.

यंदा चित्रा सरता सरता मी बिरोबाच्या देवळात गेलो. बायको सोबत होती. त्या मेंढपाळाचा थोरला मुलगा तिथे होता, तो पिकअप चालवतो. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. रोलरचं, नारळाचं, क्लिअरन्सचं, पडद्यावरच्या ठिपक्यांचं. विमानानं ढग पळत नाहीत हे सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कालव्याच्या खालचा एक म्हातारा, रोलर आणणाऱ्यांतला, हात जोडून म्हणाला, "भाऊंचा मोठेपना हाय. मेलेल्या मानसाचं नाव झाकायला सोताच्या अंगावर घेत्यात."

"अहो, झाकत नाही, खरं सांगतोय!"

"व्हय, व्हय. पर तुमी उडायचा तवा पाऊस कमी व्हायचा, ह्ये काय खोटं हाय का?"

माना हलल्या. माझा आवाज चढला, मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, तसे ते आणखी प्रेमानं बघायला लागले. वीस वर्षं गप्प बसून मी त्यांना जे पटवलं होतं, ते आता बोलून पुसता येत नव्हतं.

थोरला मुलगा पुढे आला. म्हणाला, "तोंडानं नगं, भाऊ. माज्या बापानं जसं सांगितलं तसं सांगा." आणि त्यानं भंडाऱ्याचं ताट पुढे केलं.

मी मूठ भरली. धूर वाऱ्यासाठी होता, विमानानं एकही ढग हलला नाही, त्याचा भंडारा खरा होता, खोटं बोलत असेन तर स्वाती सरायच्या आत माझ्या घरावर येऊ दे, असं बोललो. कुणी हसलं नाही. मोठेपणाचं बोलणारा म्हातारा डोळे बारीक करून माझ्याकडे बघायला लागला. आता ते वाट बघणार. मुलगा एवढंच म्हणाला, "स्वाती सरली की बघू."

तेव्हापासून घरात माझ्यावर पहारा आहे. बायको मला न्हाणीत एकटं जाऊ देत नाही, फरशी ओली असते म्हणून. माझा जुना खोकला उसळला, की ती उठून रस्त्याकडची खिडकी लावून घेते. काल पायरीवर जरा तोल गेला तर केवढ्यानं ओरडली.

"अवं, धरून चाला! आता पडू नगा. तुमी पडला तर त्यो पुन्यांदा खोटा ठरंल."

मी कठडा धरून चालतो. पूर्वेला दुपारनंतर ढग जमतात. ते कुठवर आलेत ते सांगणारा पडदा आता नाही. म्हणून पहिला गडगडाट ऐकला, की मी आत येऊन बसतो. स्वातीचे अजून काही दिवस आहेत.